काम दिवसा, मुंग्या रात्री

प्रश्न : आम्ही चिंचणीजवळच्या एका गावात राहतो. वडील डायमेकर आहेत, दागिन्यांच्या डाय कोरण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. गेल्या दिवाळीपासून त्यांना पहाटे तीन-चारच्या सुमाराला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. उठून हात झटकला की बरं वाटतं, मग पुन्हा झोपतात. नवल म्हणजे दिवसभर हातोडी-छिन्नी चालू असते तेव्हा हाताची फारशी तक्रार नसते. काम दिवसा आणि त्रास रात्री, असं का? आई म्हणते, हातात थंडी भरली. शेजारी म्हणतात, साखर असेल. मी बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे आणि हल्ली माझाही अंगठा ठणकतो. हे आमच्या घराण्यातच आहे का? वडिलांनी काम सोडावं का?
— एक वाचक भगिनी, ता. डहाणू

उत्तर : ताई, पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? वडिलांना आज विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढ्याच भागाला येत असतील आणि करंगळी साफ सुटलेली असेल, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. कारण हाताच्या एवढ्याच भागाची संवेदना वाहून नेणारी एक नस आहे, मीडियन नर्व्ह. करंगळीचं खातं वेगळ्या नसेकडे असतं.

ही मीडियन नस तळहातात शिरते ती मनगटाच्या पुढच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून. खाली मनगटाची छोटी हाडं, वर एक जाड, न ताणणारा पट्टा, आणि मधल्या जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस. सकाळी पालघरला डहाणू लोकलच्या दरवाजात जी अवस्था असते तीच इथे. नऊ जण आधीच आत आहेत, त्यांनी जरा अंग फुगवलं की दहाव्याचा श्वास कोंडतो. सतत वापरून दोऱ्यांभोवतीची आवरणं सुजली, किंवा मनगट फार वाकलं, की बोगद्यातला दाब वाढतो आणि नसेचा रक्तपुरवठा तुटायला लागतो. मुंग्या म्हणजे त्या नसेची तक्रार. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

आता रात्रीचं. झोपेत आपण मनगट सरळ ठेवत नाही. कुणी हात उशीखाली घेतो, कुणी गालाखाली, कुणी मूठ छातीशी दुमडून झोपतो. तासन् तास मनगट वाकलेलंच राहतं आणि दाब चढत जातो. शिवाय आडवं झाल्यावर दिवसभर पायांकडे उतरलेलं शरीरातलं पाणी सगळीकडे सारखं पसरतं, हातांतही येतं. आणि ते पुढे ढकलणारी स्नायूंची हालचाल तर झोपेत थांबलेली असते. दिवसा हातोडी चालते तेव्हा बोटं हलत असतात, लक्ष नक्षीत असतं. बिघाड दिवसाच होतो, कळतो रात्री. हात झटकला की मनगट सरळ होतं, हालचाल होते, नसेला पुन्हा रक्त मिळतं. हे झटकणं इतकं नेमकं लक्षण आहे की अनुभवी डॉक्टर रुग्णाला विचारतात, ‘मुंग्या आल्यावर तुम्ही काय करता?’ आणि रुग्ण शब्दांत सांगण्याऐवजी हात झटकून दाखवतो.

शेजारी अगदीच चुकीचे नाहीत. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, मनगटाचं हाड पूर्वी कधी मोडलेलं असणं, या सगळ्यांत हा बोगदा लवकर आवळतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त आढळतं. तेव्हा साखर आणि थायरॉईड तपासून घ्याच. मात्र निव्वळ साखरेच्या मुंग्या बहुतेकदा पायांच्या तळव्यांपासून सुरू होतात आणि मोजून साडेतीन बोटं निवडत नाहीत. मानेतून येणाऱ्या नसा दबल्या तरी हाताला मुंग्या येतात. त्यात बहुधा मानही दुखते आणि कळ खांद्यावरून खाली उतरते.

तुमचा अंगठा हे वेगळं प्रकरण दिसतं. अंगठ्याच्या बुडापासून मनगटाच्या कडेने दोन दोऱ्या एकाच नळीतून जातात. तिथे सूज आली की बाटलीचं झाकण फिरवताना, खोक्याची घडी दाबताना कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली याची नोंद केली आणि त्याचंच नाव या दुखण्याला पडलं. अंगठा मुठीत घेऊन मूठ अलगद करंगळीच्या बाजूला झुकवून बघा. अंगठ्याकडच्या कडेला झणकन कळ आली तर शंका बळावते. (अलगद म्हणजे अलगदच. ही परीक्षा पुन्हा पुन्हा करून पाहण्यासारखी नाही.) तान्ह्या बाळांच्या आयांनाही हे हमखास होतं, कारण बाळाला काखेत हात घालून उचलताना अंगठे फाकलेले आणि मनगट वाकलेलं असतं. थोडक्यात, एका घरात दोन दुखणी आहेत, आणि दोन्हींत घराण्यापेक्षा कामाचा हात जास्त दिसतो.

यात नवीन काही नाही. १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. दिवसभर टाक चालवणाऱ्यांचा हात का लुळा पडतो, याची त्याने तीन कारणं दिली : सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिन्ही कारणं आजच्या डायमेकरला जशीच्या तशी लागू पडतात. रामाझ्झिनीच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही काळाने डाव्यालाही तेच दुखणं लागलं. ‘या हाताने होत नाही तर त्या हाताने करीन’ या तोडग्याचा निकाल तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

हात बदलून भागत नाही, तर बदलायचं काय? माझं मत असं की ओझं किती उचलता याला लोक फार महत्त्व देतात आणि मनगट कोणत्या कोनात आहे याला काहीच देत नाहीत. घरी एक प्रयोग करा. मनगट पूर्ण आत वाकवा आणि तसंच ठेवून मुठीत पेन घट्ट धरा. आता दुसऱ्या कुणाला ते ओढायला सांगा. लहान मूलसुद्धा सहज काढून घेईल. मग मनगट सरळ, किंवा किंचित मागे झुकलेलं ठेवून धरा. पेन हलणार नाही. वाकलेल्या मनगटात पकड दुबळी होते, आणि ती भरून काढायला आपण नकळत दुप्पट जोर लावतो. वाकलेलं मनगट, आवळलेली पकड आणि मध्ये सुटी नाही : हे तिघे एकत्र आले की हात बसतो. तिघांतला एक जरी बाजूला काढला तरी फरक पडतो.

वडिलांच्या बैठकीकडे या नजरेने बघा. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी उतरवायची, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की सुलटी उठते. केसाएवढी रेघ चुकली तरी डाय वाया, म्हणून डावा हात पेन्सिलीएवढी छिन्नी चिमटीत गच्च आवळून धरतो आणि उजवा हलक्या हातोडीचे ठोके देत राहतो. ठोका हलका, पण दिवसाकाठी असे हजारो. चिमटीचा हिशेब मुठीपेक्षा महाग असतो : बोटांच्या टोकाशी एक किलोचा चिमटा धरला तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर साधारण बारा किलोचा दाब येतो. छिन्नी जितकी बारीक तितकी ती जास्त आवळावी लागते. म्हणून पहिला उपाय फुकटचा : छिन्नीच्या धरायच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड आणि खरखरीत करायची. हातोडीच्या दांड्यालाही तेच. पूर्ण मुठीत धरायच्या दांड्याची जाडी तीन-चार सेंटिमीटर असली की हात कमीत कमी जोरात ती पेलतो. आपल्याकडच्या बहुतेक हातोड्यांचे दांडे याहून बारीक असतात.

दुसरं, ठोकळ्याची उंची आणि कल. ठोकळा फार खाली असेल तर मान आणि मनगट दोन्ही वाकतात. तो उचलून, जरा तिरपा करून, कोपराच्या किंचित वर आणला तर दोन्ही सरळ येतात. बारीक काम डोळ्यांजवळ हवं आणि हातालाही टेकू हवा, म्हणून पुढच्या हाताखाली वाळूची छोटी पिशवी ठेवावी. दिवा नीट असला की माणूस कमी वाकतो. आणि छिन्नीला धार हवी. हे त्यांना सांगायची गरज नाही, पण हाताच्या दृष्टीनेही धार हेच औषध आहे : बोथट हत्याराची उणीव मनगट भरून काढतं.

सुटीचं मात्र कठीण. नगावर मजुरी असली की थांबणं म्हणजे खिशातून पैसे जाणं, आणि लगीनसराईआधी ऑर्डरी एकदम येतात. पण मी तासाभराची सुटी म्हणत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट हत्यार खाली ठेवायचं, बोटं पूर्ण उघडायची, खांदे सैल सोडायचे. अशा चिमूटभर विश्रांतीने काम घटत नाही, असंच अनेक ठिकाणी आढळलं आहे. संध्याकाळचे ठोके तर नेमके पडतात. मंदीच्या महिन्यांनंतर एकदम बारा-बारा तास बसणं सगळ्यांत घातक. सातपाटीच्या खलाशांनाही हे माहीत आहे. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी निघाल्या की पहिल्या फेऱ्यांत दोर ओढताना हात भरून येतात, नंतर सरावतात.

आता तुमची पॅकिंगची लाईन. तारापूर एमआयडीसीत अशा कामावर बायकांची संख्या मोठी आहे आणि हाताची दुखणी त्या बहुधा घरच्या कामाच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतात. लाईनवर काम बदलून देतात म्हणे; बदल कसला, ते बघा. झाकणं लावण्यावरून खोकी घडी करण्यावर गेलात तर अंगठ्याच्या दृष्टीने तुम्ही जागच्या जागीच आहात. बसून चिमटीच्या कामावरून उभं राहून ट्रे सरकवण्याच्या कामावर गेलात तर तो खरा बदल. हातमोजे आपल्या मापाचे मागून घ्या : सैल मोज्यात प्रत्येक वस्तू जास्त आवळून धरावी लागते. पुरुषांच्या मापाचे मोजे सगळ्यांना वाटून टाकायची पद्धत ज्यांनी पाडली त्यांनी ते घालून एक पाळी काढून दाखवावी. सुपरवायझर हसला तर त्याला सांगा की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य आजारांची यादी सुधारली, तिच्यात वडिलांचं आणि तुमचं, दोन्ही दुखणी नावानिशी आहेत.

आईंबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत की त्या थंडीला दोष देतात. त्यात तथ्य आहे. गार पाण्याने बोटं बधिर होतात, मग वस्तू किती जोरात धरली हे कळत नाही आणि माणूस हवी त्याहून जास्त आवळतो. बर्फातले मासे निवडणाऱ्या, साफ करणाऱ्या बायकांना हे रोजचं. मधून मधून कोमट पाण्यात हात बुडवणं हा साधा इलाज आहे. घरात सर्वांत वाईट काम कोणतं, असं विचाराल तर मी चादरी पिळणं म्हणेन. दोन्ही मनगटं उलट दिशांना मुरगळायची, तीही पूर्ण जोराने! चादर नळाला किंवा खांबाला मधोमध अडकवा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि हात सरळ ठेवून पीळ द्या. जोर खांद्यातून येतो. भाकरीचं पीठ उंच ओट्यावर मळताना मनगट पार मागे मोडतं. परात खाली, कंबरेच्या जरा खालच्या पातळीवर आली की अंगाचा भार वापरता येतो. तांदळाची उकड गरम मळायची, तिथे आधी वाटीच्या बुडाने मळून घेणाऱ्या बायका शहाण्या. बादलीच्या तारेच्या कडीवर जुनं फडकं गुंडाळा. आणि बाजारातली पिशवी बोटांत लटकवून आणू नका, खांद्याला लावा.

वडिलांनी काम सोडायचं का? एवढ्यावरून तरी नाही. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, काही आठवडे रोज रात्री बांधावा. सैलसर, मनगट सरळ राहील एवढाच. करकचून बांधून दिवसा हातोडी मारायला तो नाही. याने अनेकांची झोप परत येते. पण त्यांच्या हाताकडे एकदा नीट बघा. दोन्ही तळवे शेजारी ठेवायला सांगा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो उजव्या हाताला सपाट झाला असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, वस्तू हातून निसटत असतील, किंवा मुंग्या जाऊन कायमची बधिरता आली असेल, तर पट्टा बांधत बसू नका. नस किती मंदावली आहे हे तपासणारी चाचणी असते, ती करून घ्या. मग इंजेक्शन की छोटी शस्त्रक्रिया, ते डॉक्टर ठरवतील. शस्त्रक्रियेत बोगद्यावरचा तो जाड, न ताणणारा पट्टा कापून आतली जागा मोकळी करतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. ती उशिरा केली तर मुंग्या थांबतात, पण गेलेला स्नायू पूर्ण परततोच असं नाही.

प्रश्न : डहाणू लोकलने रोज सफाळे ते चर्चगेट. येता-जाता मोबाईल हातात असतो. उजव्या अंगठ्याचं बूड दुखतं आणि करंगळीला खळगा पडलाय. मोबाईल सोडायचा?
— एक प्रवासी

उत्तर : सोडाल असं वाटत नाही, म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवतो. एक हात कडीला, दुसऱ्यात मोबाईल, करंगळी खाली टेकू म्हणून आणि अंगठा एकटा पूर्ण पडदाभर धावतोय, हे तुमचं चित्र. बसायला मिळालं की बॅग मांडीवर घ्या, कोपर तिच्यावर टेकवा, एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने सरकवा. उभे असाल तेव्हा वाचू नका, ऐका. लांबलचक संदेश बोलून टाईप होतात, मराठीतही बऱ्यापैकी. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा इतक्या लांबच्या प्रवासाचं काय करायचं हा प्रश्न होता; मोबाईलने तो सोडवला आणि अंगठ्यावर टाकला.

प्रश्न : विक्रमगडकडे आमच्या पाड्यावर आवणीच्या दिवसांत सगळ्यांचीच मनगटं सुजतात. पावसाळ्यानंतर मी वारली चित्रांच्या ऑर्डरी घेते, तेव्हा पुन्हा तेच. तेल लावून चोळलं तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : हलक्या हाताने तेल लावा, बरं वाटतं. सुजलेल्या दोरीवर अंगठा रुतवून ‘शीर मोकळी’ करू देऊ नका, त्याने सूज वाढते. मनगट ‘बसवून’ घेण्याच्या फंदातही पडू नका. ते निसटलेलं नाही, थकलेलं आहे.

आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, अंगठ्याने रोप चिखलात दाबणं हाच मुख्य घाव असतो, आणि त्याआधी आवण, म्हणजे रोपं, उपटून मुठी बांधणं. ज्या बाईने सकाळी आवण उपटलं तिने दुपारी लावणी करावी, आणि उलटंही. दिवसभर एकच काम एकीकडे नको. चिखल नीट केलेला असेल तर अंगठ्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून चिखलणी करणाऱ्यालाही यातला वाटा द्या. रात्री सूज असेल तर गार पाण्याच्या पट्ट्या. गरम शेक सूज उतरल्यावर.

चित्रांसाठी बांबूची काडी बारीकच हवी, तिचं टोक तर हवंच. पण टोक बारीक हवं म्हणून धरायची जागाही बारीक का? वरच्या भागाला सुतळी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून ती बोटाएवढी जाड करा. पूर्वी कुडाच्या भिंतीवर उभ्याने, खांद्यातून हात फिरवत चित्रं काढली जायची. आता साडीवर आणि किटलीवर मान खाली घालून, फक्त बोटांनी ठिपके भरावे लागतात. शक्य तिथे कापड फळीवर ताणून समोर उभं करा. ठिपके भरणं आणि मोठ्या आकृती काढणं आलटून पालटून ठेवा. एका दिवसात किती साड्या, हे ऑर्डर घेतानाच ठरवा; व्यापाऱ्याला तारीख दिल्यावर हाताला सांगायला काही उरत नाही.

प्रश्न : बोईसर-तारापूर रस्त्याने रोज मोटारसायकल. उतरल्यावर बराच वेळ दोन्ही हात बधिर. खड्ड्यांमुळे का?
— एक कामगार

उत्तर : खड्डे आहेतच, आणि हादरे नसांना सोसत नाहीत. कारखान्यात ग्राइंडर चालवत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा; थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर आवर्जून सांगा. पण त्याआधी एक करा. गाडीवर बसून बोटं ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांवर ठेवा आणि मनगटाकडे बघा. ते वर मोडलेलं असेल तर दांड्या फार वर बसवल्या आहेत. पुढच्या हाताच्या रेषेत येतील एवढ्या खाली फिरवून घ्या. मेकॅनिकला पाना घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. क्लच जड झाला असेल तर त्याची केबलही त्याच वेळी बदला.